'ईझी' या शब्दाचे अर्थ: माणसापासून कामापर्यंत

इंग्रजी शिकायला लागल्यावर 'ईझी' हा शब्द पहिल्या काही धड्यांतच येतो. 'सोपा' हा अर्थ पाठ होतो आणि त्यानंतर या शब्दासाठी कोश उघडावा असं कुणालाच वाटत नाही. अडचण पुढे येते. जेन ऑस्टिनच्या 1813 सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये बिंग्ली या तरुणाची वागणूक 'ईझी' आहे असं म्हटलंय. तिथे 'सोपी वागणूक' लिहिलं तर वाक्य निरर्थक होतं. आर्थिक बातमीत 'ईझी मनी' येतं, तेव्हा पैसे कमवायच्या सोप्या वाटेबद्दल काहीच म्हणायचं नसतं. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या काव्यातला वैद्य खर्चाच्या बाबतीत 'ईझी' आहे, आणि तो चक्क हात आखडून खर्च करणारा माणूस आहे.

हे अर्थ वरवर एकमेकांपासून लांब वाटतात, पण त्यांचं मूळ एकच आहे. 'ईझी' हा आधी माणसाच्या अवस्थेचा शब्द होता: त्याला आराम आहे, त्याला काही टोचत-बोचत नाही, त्याच्यावर कसला दाब नाही. कामाला, प्रश्नाला, परीक्षेला तो नंतर लागू झाला. हा क्रम डोक्यात ठेवला की जुनी वाक्यंही उलगडतात आणि आजचे वाक्प्रचारही.

शब्दाचं मूळ

1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा जो लोंढा इंग्रजीत आला, त्यातला हा एक. जुन्या फ्रेंचमध्ये 'एझ' म्हणजे आराम, सुख, सवड. त्याच्यापासून झालेल्या क्रियापदाचं भूतकाळवाचक विशेषण म्हणजे 'आरामात ठेवलेला'. इंग्रजीत ते साधारण 1200च्या सुमारास दिसू लागतं. चॉसरच्या काळात उच्चार 'एझी'च्या जवळचा होता. पुढच्या काही शतकांत इंग्रजीतले दीर्घ स्वर सरकले आणि 'ए'चा 'ई' झाला.

फ्रेंच शब्दाच्या मागे काय आहे याबद्दल बहुतेक अभ्यासकांचा कल लॅटिनमधल्या 'अद्याकेन्स' या रूपाकडे आहे. त्याचा अर्थ 'शेजारी पडलेला, लगतचा'. शेजारची मोकळी जागा, मग हातपाय पसरायला जागा, मग आराम, असा तो प्रवास मानला जातो. मराठीत 'ऐसपैस' म्हणताना जागा आणि आराम या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात येतात, तसंच हे. इटालियनमध्ये याच कुळातला शब्द 'आज्यो'. 'आद् आज्यो' म्हणजे 'सावकाश, आरामात', आणि त्यातूनच पाश्चात्त्य संगीतात संथ लयीसाठी 'आदाज्यो' ही खूण आली. चित्रकाराच्या घोडीला इंग्रजीत 'ईझल' म्हणतात, त्याचा मात्र या कुळाशी काही संबंध नाही. तो डच भाषेतला गाढवाचा शब्द आहे.

हा पाहुणा येण्याआधी 'सोपं' म्हणायला इंग्रजीचा स्वतःचा शब्द होता, 'ईथ'. 'अनईथ' म्हणजे मुश्किलीने. चौदाव्या शतकात 'ईझी'ने 'कठीण नसलेला' हा अर्थ उचलायला सुरुवात केली आणि 'ईथ' हळूहळू बाजूला पडला. तो एकदम नाहीसा झाला नाही. शेक्सपिअरच्या 'हेन्री द सिक्स्थ'च्या दुसऱ्या भागात अनवाणी चालवल्या जाणाऱ्या डचेसबद्दल तिचा नवरा म्हणतो की खडकाळ रस्ता ती 'अनईथ' सोसेल. आणि त्याच नाटकात पुढच्या अंकात 'दीज फॉल्ट्स आर ईझी' असंही वाक्य आहे. म्हणजे जुना शब्द आणि नवा शब्द एकाच नाटकात. या दुसऱ्या वाक्यात 'ईझी'चा अर्थ 'किरकोळ' असा आहे: हे दोष किरकोळ आहेत, त्यांचं उत्तर लगेच देता येईल, पण तुमच्यावर याहून मोठे गुन्हे लादले आहेत.

चॉसरचे दोन 'ईझी'

'कँटरबरी टेल्स'ची प्रस्तावना चौदाव्या शतकाच्या अखेरची. तिच्यात हा शब्द दोन माणसांसाठी येतो आणि दोन वेगळ्या अर्थांनी. भिक्षू प्रायश्चित्त देताना 'ईझी' आहे, म्हणजे सौम्य, फार ताणून न धरणारा. जिथे चांगली भिक्षा मिळायची खात्री असेल तिथे तर विशेषच. इथे आराम समोरच्या पाप्याला मिळतो. भिक्षूचा हात हलका आहे म्हणून तो 'ईझी'.

वैद्याबद्दल 'ईझी ऑफ डिस्पेन्स' असं म्हटलंय. आजच्या कानाला हे 'सढळ हाताने खर्च करणारा' असं वाटतं, आणि इथेच वाचक फसतो. त्या काळी 'ईझी'ला 'बेताचा, माफक' असाही अर्थ होता: जे जड नाही, मोठं नाही ते. वैद्य बेताने खर्च करायचा, साथीच्या काळात मिळवलेला पैसा त्याने राखून ठेवला होता. वरचं शेक्सपिअरचं 'किरकोळ दोष' याच शाखेतलं. ही शाखा पुढे जवळजवळ वाळली, पण पूर्ण मेली नाही. 'अॅट अॅन ईझी पेस' म्हणजे बेताच्या गतीने, यात ती अजून आहे.

जू आणि मान

'ईझी'चा मूळ अर्थ सर्वांत स्वच्छ दिसतो तो बायबलमधल्या एका ओळीत. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे. मूळ ग्रीकमध्ये जुवासाठी जे विशेषण आहे ते 'चांगलं', 'मायाळू' अशा अर्थांनीही वापरलं जातं. चौदाव्या शतकातल्या विक्लिफच्या परंपरेतल्या इंग्रजी भाषांतरात त्यासाठी 'सॉफ्ट' आहे. सोळाव्या शतकात टिंडेलने आपल्या भाषांतरात 'ईझी' वापरला आणि 1611च्या किंग जेम्स प्रतीत तोच कायम राहिला.

आता हे जू 'सोपं' आहे म्हणजे काय? जू सोपं किंवा अवघड नसतं. ते मानेवर नीट बसतं किंवा बसत नाही. लाकूड मानेच्या बाकाप्रमाणे तासलेलं नसेल तर कडा घासते, कातडी सोलवटते, त्या जागी आवाळू येतं आणि बैल खांदा द्यायला कचरतो. नीट तासलेलं जू तेवढंच वजन ओढायला लावतं, पण घासत नाही. तेच 'ईझी' जू. ओझ्यासाठी त्याच ओळीत वेगळं विशेषण आहे, 'हलकं', कारण वजन आणि बोच या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मराठी भाषांतरातला 'सोयीचे' हा शब्द इथे अगदी नेमका बसला आहे.

नकारात जुनं जास्त टिकलं

'ईझी'चा अर्थ 'सोपा' असेल तर 'अनईझी' म्हणजे 'अवघड' व्हायला हवा. आजच्या इंग्रजीत तो तसा नाही. 'अनईझी' म्हणजे अस्वस्थ, बेचैन. 'ॲन अनईझी क्वेश्चन' म्हटलं तर प्रश्न कठीण आहे असं कुणी समजणार नाही, प्रश्नाने अवघडल्यासारखं होतंय असं समजेल.

एका काळी 'अवघड' हा अर्थही होता. शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट' या नाटकात आपली मुलगी आणि राजपुत्र फार झटपट प्रेमात पडले हे पाहून प्रॉस्पेरो ठरवतो की हे प्रकरण आपण 'अनईझी' करायचं, म्हणजे अवघड. नाहीतर सहज मिळालेल्याची किंमत राहणार नाही. पुढे तो अर्थ गळून पडला आणि माणसाच्या अवस्थेचा जुना अर्थ मागे उरला. 'हेन्री द फोर्थ'च्या दुसऱ्या भागातल्या 'अनईझी लाइज द हेड दॅट वेअर्स अ क्राउन' या ओळीत तोच आहे: मुकुट घालणाऱ्या डोक्याला झोपेतही चैन नाही. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने मानवी आकलनावरच्या आपल्या ग्रंथाच्या 1694च्या आवृत्तीत माणसाच्या इच्छेला हलवणारी गोष्ट म्हणून 'अनईझीनेस' सांगितली आहे. तिथेही 'अडचण' असं भाषांतर चुकीचं ठरेल. त्याला सध्याच्या स्थितीतली बेचैनी म्हणायची आहे.

'डिझीज' हा शब्दही याच घरातला. 'आराम नसणं' एवढाच त्याचा सुरुवातीचा अर्थ होता, त्यात त्रास, गैरसोय सगळं यायचं. आजारपणाचा अर्थ चौदाव्या शतकापासून बळावला आणि आज तोच उरला. 'मलेझ' म्हणजे नेमकं दुखणं सांगता येत नाही अशी मरगळ. हे फ्रेंचमधलं 'वाईट' आणि 'आराम' यांचं जोडकाम.

कायद्यातलं 'ईझमेंट' म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा, पाणी नेण्याचा किंवा असाच मर्यादित वापराचा हक्क. जमीन दुसऱ्याची राहते, तुम्हाला सोय मिळते. इंग्लंडमध्ये मुख्य चर्चपासून लांब राहणाऱ्यांसाठी बांधलेल्या छोट्या चर्चला 'चॅपल ऑफ ईझ' म्हणतात. सोपेपणाशी त्याचा संबंध नाही, सोयीशी आहे. जुन्या इंग्रजीत 'हाउस ऑफ ईझमेंट' हा शौचकूपासाठीचा सभ्य शब्द होता, हे माहीत नसलं तर जुनी कागदपत्रं वाचताना भलताच घोटाळा होऊ शकतो.

सुखवस्तू, सहज, सैल

अठराव्या शतकात हा शब्द सुसंस्कृत माणसाच्या वर्णनाचा झाला. 'ईझी सर्कमस्टन्सेस' म्हणजे खाऊन-पिऊन सुखी परिस्थिती. 'ईझी चेअर' म्हणजे आरामखुर्ची. 'ईझी मॅनर्स' म्हणजे अवघडलेपण नसलेली, मोकळी वागणूक. बिंग्लीच्या बाबतीत ऑस्टिनने 'ईझी'च्या जोडीला 'आव न आणणारी' या अर्थाचं विशेषण ठेवलंय, त्यामुळे शंकेला जागा राहत नाही. लेखनशैलीबद्दल 'ईझी' म्हटलं की ओढूनताणून न लिहिलेली, ओघवती शैली. कवी अलेक्झांडर पोपने 1711 साली याच बाबतीत बजावलं की लेखनातली खरी सहजता कलेतून येते, योगायोगाने नव्हे. नाचायला शिकलेलेच सर्वांत सहज चालतात. म्हणजे शैली 'ईझी' आहे याचा अर्थ ती लिहायला सोपी होती असा अजिबात नाही. हा फरक समीक्षेची भाषांतरं करताना वारंवार निसटतो.

'ईझी-गोइंग' हे आधी घोड्याचं वर्णन होतं: ज्याच्या चालीने स्वाराला धक्के बसत नाहीत असा. मग ते फार त्रागा न करणाऱ्या माणसाला लागलं.

या अर्थाची काळी बाजूही आहे. दाब नाही म्हणजे प्रतिकार नाही, असा अर्थ सरकत गेला की 'ईझी' माणूस म्हणजे कुणीही फसवावा असा भोळा, आणि 'ईझी प्रे' म्हणजे सहज हाती लागणारं सावज. स्त्रीबद्दल हा शब्द वापरला की तो थेट तिच्या चारित्र्यावर घाव घालतो. अठराव्या शतकातल्या 'ईझी व्हर्च्यू' या वाक्प्रचारापासून आजच्या 'शी इज ईझी'पर्यंत हा अन्याय चालत आला आहे. कौतुकाने 'ती मोकळ्या स्वभावाची आहे' म्हणायचं असेल तर 'ईझी-गोइंग' म्हणावं. नुसतं 'ईझी' म्हणू नये, हेतू कितीही चांगला असला तरी. ब्रिटिश बोलण्यात 'आय अॅम ईझी' हे 'मला काहीही चालेल' या अर्थाने येतं, पण तेही फक्त 'इकडे जायचं की तिकडे' अशा प्रश्नाचं उत्तर म्हणून.

व्याकरणातली खोच

'जॉन इज ईझी टू प्लीज' आणि 'जॉन इज ईगर टू प्लीज'. दोन्ही वाक्यांची बांधणी बाहेरून हुबेहूब सारखी आहे. पहिल्याचा अर्थ: जॉनला खूश करणं सोपं आहे. दुसऱ्याचा: जॉन इतरांना खूश करायला उत्सुक आहे. एकात जॉन खूश होणारा, दुसऱ्यात खूश करणारा. भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की यांनी 1964च्या पुस्तकात ही जोडी मांडली आणि वाक्याच्या दिसणाऱ्या रूपामागे वेगळी रचना असते याचं ते ठरलेलं उदाहरण झालं. मराठीत हा प्रश्न पडत नाही, कारण 'जॉनला' आणि 'जॉन' या रूपांतच सगळं उघड होतं.

इंग्रजी मुलांनाही ही रचना जन्मतः येत नाही. कॅरोल चॉम्स्की यांच्या 1969 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 5 ते 10 वर्षांच्या मुलांपुढे डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाहुली ठेवून विचारलं होतं, ही बाहुली 'ईझी टू सी' आहे की 'हार्ड टू सी'? बाहुली समोरच आहे, म्हणजे ती दिसायला सोपीच. पण लहान मुलांपैकी कित्येक म्हणाली 'हार्ड', कारण त्यांच्या लेखी पाहणारी बाहुली होती आणि तिच्या डोळ्यांवर तर पट्टी! अवघड कशानं झालं असं विचारल्यावर ही मुलं पट्टीचंच कारण देत. मोठी मुलं चुकत नव्हती.

मराठी माणसाच्या इंग्रजीत ज्या चुका होतात त्यांचं मूळ हेच आहे. 'आय अॅम ईझी टू लर्न इंग्लिश' या वाक्यात शिकली जाणारी गोष्ट 'मी' ठरते. बरोबर वाक्य: 'इट इज ईझी फॉर मी टू लर्न इंग्लिश'. पडताळा असा: वाक्य 'इट इज ईझी टू...' ने सुरू करून कर्ता शेवटी टाका. 'इट इज ईझी टू प्लीज जॉन' जमतं, म्हणून 'जॉन इज ईझी टू प्लीज' बरोबर. 'इट इज ईझी टू लर्न मी' जमत नाही, म्हणून पहिलं वाक्य चूक. दुसरी नेहमीची चूक म्हणजे 'द बुक इज ईझी टू रीड इट'. शेवटचं 'इट' नको, ती जागा 'बुक'ने आधीच घेतलेली आहे. आणि 'तो पास होणं सहज शक्य आहे' यासाठी 'इट इज ईझी दॅट ही विल पास' चालत नाही. तिथे 'ही कुड ईझिली पास' म्हणावं लागतं.

'ईझिली'चं म्हणूनच वेगळं खातं आहे. ते शक्यता दाखवतं आणि 'ईझिली द बेस्ट'मध्ये 'निर्विवाद' असा अर्थ देतं. उलट काही ठिकाणी क्रियाविशेषणाची जागा 'ईझी'च घेतो: 'टेक इट ईझी', 'गो ईझी ऑन हिम', 'रेस्ट ईझी', 'ईझियर सेड दॅन डन'. इथे 'ईझिली' घातलं तर व्याकरण सुधारल्यासारखं वाटतं, पण वाक्य बिघडतं. अमेरिकेत 1920 ते 1933च्या दारूबंदीत चोरून चालणाऱ्या गुत्त्यांना 'स्पीकईझी' म्हणत. तिथला 'ईझी' म्हणजे 'हळू आवाजात'. पलटून क्षणभरच भाजलेल्या, बलक पातळ ठेवलेल्या अंड्याला 'ओव्हर ईझी' म्हणतात, तिथेही 'हलक्या हाताने' हाच भाव.

हुकूम आणि पैसा

ब्रिटिश रोइंगमध्ये, म्हणजे वल्ह्यांच्या होड्यांच्या खेळात, कॉक्सने (होडीत बसून दिशा सांभाळणाऱ्या आणि हुकूम देणाऱ्या माणसाने) 'ईझी' म्हटलं की वल्ही थांबवायची. 'आरामात मारत राहा' असा अर्थ घेऊन कुणी एकाने वल्हं चालू ठेवलं तर होडी वळते. कवायतीत 'स्टँड अॅट ईझ' म्हणजे पाय फाकवून, हात मागे घेऊन स्थिर उभं राहणं. 'स्टँड ईझी' त्यानंतरचा हुकूम, त्यात अंग सैल सोडता येतं पण पाय हलवायचे नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या गोष्टींत 'ईझी कंपनी' येते, ती आरामात राहणारी तुकडी नव्हे: अक्षरं ऐकताना गोंधळ होऊ नये म्हणून अमेरिकी सैन्यात त्या वेळी प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक शब्द ठरलेला असे, त्यात पाचव्या अक्षराचं, म्हणजे E चं, नाव 'ईझी' होतं. 1956पासून त्या जागी 'एको' आहे.

अर्थकारणात तीन ठिकाणी जपावं लागतं. 'ईझी मनी' बोलण्यात आयता पैसा, अनेकदा संशयास्पद. धोरणाच्या भाषेत मात्र व्याजदर कमी आणि कर्ज सहज मिळेल अशी स्थिती. 'क्वांटिटेटिव्ह ईझिंग'मधला 'ईझिंग' या दुसऱ्या अर्थाचा: मध्यवर्ती बँक रोखे विकत घेते, बँकांकडची रोकड वाढते, दीर्घ मुदतीचे व्याजदर खाली यायला मदत होते. जपानच्या मध्यवर्ती बँकेने ते 2001 साली सुरू केलं, अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने 2008 साली, बँक ऑफ इंग्लंडने 2009 साली. 'प्रायसेस ईझ्ड' म्हणजे भाव किंचित उतरले, 'स्थिरावले' नव्हे. आणि 'ईझी टर्म्स'मध्ये हप्ता पेलण्याजोगा असतो एवढंच. हप्त्यांची बेरीज रोख किमतीपेक्षा बहुधा जास्तच भरते, म्हणून ती स्वतः करून पाहावी.

भाषांतर करताना

आधी पाहा, विशेषण कशाला लागलंय. काम किंवा प्रश्न असेल तर सोपा. माणसाचं मन असेल तर निश्चिंत. वागणूक किंवा शैली असेल तर सहज, मोकळी. परिस्थिती असेल तर सुखवस्तू. कपडा किंवा चढ असेल तर सैल, बेताचा. हप्ते किंवा प्रवेश असेल तर सुलभ. नंतर काळ पाहा. मजकूर जितका जुना, तितका 'सोपा' हा अर्थ सर्वांत शेवटी तपासावा.

'सिंपल'शी गल्लत हा वेगळाच घोळ आहे. 'सिंपल' म्हणजे कमी भागांचं, गुंतागुंत नसलेलं. 'ईझी' म्हणजे करणाऱ्याला कष्ट न पडणारं. दहा मैल धावण्याची कृती 'सिंपल' आहे, 'ईझी' नाही. उलट सवयीने एखादं अतिशय किचकट यंत्रही चालवणाऱ्याला 'ईझी' होतं. 'ईझी'मध्ये कुणाला, हा प्रश्न कायम दडलेला असतो. म्हणूनच गूगलच्या तांत्रिक लेखनाच्या शैलीपुस्तिकेत हा शब्द सूचनांमध्ये टाळायला सांगितलंय. 'ही पायरी ईझी आहे' असं छापलं आणि वाचणाऱ्याला ती जमली नाही, तर त्याला ना पायरी कळते ना आपलं कुठे चुकलं ते. त्याऐवजी किती पायऱ्या आहेत, किती वेळ लागतो आणि मध्ये कुठे अडू शकतं, एवढं लिहावं.